लस, पास आणि लोकलचे दार

८ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यातील जनतेला उद्देशून केलेल्या भाषणात एक घोषणा केली. कोरोना प्रतिबंधक लशीची दुसरी मात्रा घेऊन ज्यांना चौदा दिवस झाले असतील, अशा नागरिकांना १५ ऑगस्टपासून मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून प्रवास करता येईल, अशी ती घोषणा होती. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे तिचे स्वागत झाले आणि ते साहजिकच होते. एप्रिलपासून सर्वसामान्य प्रवाशाला लोकलचे दार बंद होते. तीन दिवसांनी स्थानकांवर महापालिकांच्या कर्मचाऱ्यांची टेबले मांडली गेली. लसीकरणाचे प्रमाणपत्र आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवायचे, त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि तो दाखवून तिकीट खिडकीवर महिन्याचा पास काढायचा, अशी रीत ठरली. रांगा मोठ्या होत्या, पण त्यांत चिडचिड नव्हती. या रांगांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आली. त्या रांगेत जे उभे राहू शकत नव्हते त्यांचे छायाचित्र निघण्याचा अर्थातच प्रश्न नव्हता.

लस घ्यावी की न घ्यावी, हा वाद त्या वर्षी जगभर झाला. शासनाने लसीकरणाची सक्ती करावी काय आणि न करता केवळ गर्दीच्या जागी लसवंतांनाच प्रवेश ठेवावा काय, हाही वाद झाला. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात मात्र या वादाला एक वेगळे वळण मिळाले आणि त्याची नोंद पुरेशी घेतली गेली नाही. पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथील वाद उपाहारगृहे, नाट्यगृहे, व्यायामशाळा यांच्या दारांवरचा होता. तेथे प्रवेश नाकारला गेला तर माणसाची संध्याकाळ बुडे. डोंबिवलीकराला ज्या दारावर अडवले गेले ते आगगाडीचे दार होते, आणि तेथे अडवल्यास बुडत होता तो दिवसाचा रोजगार.

लोकलला 'गर्दीचे ठिकाण' म्हणणे चूक नाही. महामारीपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ ते ८० लाख प्रवास होत आणि सकाळी साडेआठच्या जलद गाडीत डोंबिवलीला चढणाऱ्यास अंतर राखण्याविषयी कोणी उपदेश केला असता तर तो विनोद ठरला असता. परंतु गर्दीची ठिकाणे दोन प्रकारची असतात. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा सावित्रीबाई फुले नाट्यगृह येथे माणूस आवडीने जातो. साडेआठच्या गाडीत आवडीने कोणी जात नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून अंबरनाथ-टिटवाळ्यापर्यंत वस्ती सरकली, आणि नोकऱ्या दक्षिण मुंबई, परळ, अंधेरी येथेच राहिल्या; या दोहोंना जोडणारा दुवा एकच आहे आणि तो लोहमार्गाचा आहे. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी मार्ग कल्याणला पोहोचला. या पट्ट्यातील शहरे त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना वाढली. या शहरांत रस्ता हा पर्याय म्हणून कधी नीट घडवलाच गेला नाही.

हे विधान अतिशयोक्त वाटत असेल तर त्याच काळातील दोन पुलांची कथा पाहावी. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्री पूल २०१८ साली पाडण्यात आला आणि त्याच्या जागी नवा पूल वाहतुकीस खुला व्हायला २५ जानेवारी २०२१ उजाडला. डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तो ७ सप्टेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडला. म्हणजे लसवंतांसाठी लोकल सुरू झाली त्या दिवशी, ज्याला लोकल नाकारली गेली त्याच्या वाटेवरचा पूलही बंदच होता. शिळफाट्याच्या वाहतूक कोंडीचे वर्णन करण्याचे कारण नाही; ती ज्यांनी भोगली त्यांना ते नको असेल आणि इतरांना ते खरे वाटणार नाही. २०२० च्या जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्या तेव्हा बाकीच्यांनी बसच्या रांगांत तासन् तास काढले. त्या रांगांत आणि त्या बसमध्ये जे अंतर राखले गेले, ते लोकलमध्ये राखले गेले नसते असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयास हवे. ज्यांनी दोन मात्रा घेतल्या नव्हत्या त्यांना लोकलपासून दूर ठेवण्यात आले. या 'घेतल्या नव्हत्या' या शब्दांत दोन निरनिराळे समूह एकत्र कोंबले गेले होते. एक, ज्यांना लस घ्यायचीच नव्हती. दुसरा, ज्यांना घ्यायची होती, पण मिळाली नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी दुसरा समूह किती मोठा असला पाहिजे, हे केवळ दिनदर्शिका समोर ठेवून ताडता येते.

अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाचे, म्हणजे नोकरदारांच्या फार मोठ्या भागाचे लसीकरण देशात १ मे २०२१ रोजी सुरू झाले. लशीच पुरेशा नसल्याने महाराष्ट्राने मेच्या मध्यास ते थांबवले आणि हाती असलेला साठा पंचेचाळिशीपुढील नागरिकांच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळवला. तो निर्णय त्या परिस्थितीत योग्यच होता. अठरा वर्षांपुढील सर्वांसाठी राज्यात लसीकरण पुन्हा खुले झाले ते २२ जूनला. दरम्यान १३ मे रोजी केंद्र शासनाने कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे केले होते. हे अंतर कोविन प्रणालीतच बसवलेले असल्याने ८४ दिवसांच्या आत दुसऱ्या मात्रेसाठी नोंदणीच होत नसे.

तेव्हा अगदी तत्पर माणसाचे उदाहरण घेऊ. डोंबिवलीचा एखादा तिशीतील कारकून, ज्याने पहिल्याच दिवशी, २२ जूनला, कोव्हिशील्ड घेतली. त्याची दुसरी मात्रा कितीही धावपळ केली तरी १४ सप्टेंबरपूर्वी होऊ शकत नव्हती. त्यावर चौदा दिवस धरले म्हणजे पासाचा हक्क २८ सप्टेंबरला. शासनाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवशी करूनही हा माणूस सहा आठवडे फलाटाबाहेर राहणार होता. त्याच दिवशी त्याच रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्यास कोव्हॅक्सिन मिळाली असेल, तर त्याची दुसरी मात्रा अठ्ठावीस दिवसांनी, २० जुलैला. आणि १५ ऑगस्टच्या पहिल्या गाडीत तो बसू शकला. दोघांच्या नागरिक म्हणून असलेल्या जबाबदारीच्या जाणिवेत तसूभरही फरक नव्हता. फरक होता तो त्या दिवशी केंद्रावर आलेल्या कुपीत.

आणि हा पहिल्या दिवशी लस मिळालेल्याचा हिशेब झाला. प्रत्यक्षात जुलै महिन्यात लशीच्या तुटवड्यामुळे कल्याण-डोंबिवली महापालिकेची केंद्रे अनेकदा बंद ठेवावी लागत. कोविनवर नोंदणीची वेळ जाहीर होताच काही क्षणांत सर्व जागा संपत. दोन-दोन दूरध्वनी संच घेऊन बसणारी घरे आणि साधा दूरध्वनीही घरात एकच असलेली घरे यांना ही शर्यत सारखी नव्हती. मे महिन्यात तर शहरातील तरुणांनी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील केंद्रांवर नोंदणी करून तेथे जाऊन लस घेतली, आणि तेथील रहिवासी पाहत राहिले. खाजगी रुग्णालयात लस विकत मिळत होती. केंद्राने जूनमध्ये ठरवून दिलेली कमाल किंमत कोव्हिशील्डला ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनला १,४१० रुपये अशी होती. धुणीभांडी करण्यासाठी दिव्याहून मुलुंडला जाणाऱ्या बाईने या आकड्यांचा अर्थ कसा लावावा? लवकर लागू होणारी लस दुप्पट महाग होती, एवढाच.

याच काळात केंद्राने एक सवलतही दिली होती. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि टोकियोच्या ऑलिंपिक पथकाला कोव्हिशील्डची दुसरी मात्रा अठ्ठावीस दिवसांनंतर घेता येत होती. सवलत योग्य होती. विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेली असती. परंतु कॅनडाला जाणाऱ्याची निकड शासनाला समजली आणि करी रोडला जाणाऱ्याची समजली नाही, याची नोंद केल्यावाचून राहवत नाही.

शासनाची बाजू दुबळी होती असे मात्र नाही. १८ एप्रिल २०२१ या एका दिवसात राज्यात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते. ऑगस्टपर्यंत राज्यातील मृतांची संख्या १ लाख ३० हजारांच्या पुढे गेली होती. प्राणवायूच्या टाक्यांसाठी रात्री-अपरात्री वणवण करणारी माणसे या शहरांनी पाहिली होती. अशा स्थितीत लोकल सर्वांना एकदम खुली केली आणि तिसरी लाट उसळली, तर तिचा जाब मंत्रालयालाच द्यावा लागणार होता. लशीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटते, हे तेव्हाही दिसत होते आणि नंतर निर्विवादपणे सिद्ध झाले. लसवंतांना वेगळी वागणूक द्या, ही मागणी मुळात शासनाची नव्हतीच. ती प्रवाशांची होती, ६ ऑगस्टला स्थानकांवर आंदोलन करणाऱ्या भारतीय जनता पक्षाची होती. इतकेच काय, वकिलांच्या याचिकेवर सुनावणी करताना दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलमध्ये का घेत नाही, असे उच्च न्यायालयानेच त्या आठवड्यात राज्याला विचारले होते. दार पूर्ण बंद असताना ते निम्मे तरी उघडा, असे म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही.

येथेच या प्रश्नातील खरी खोच आहे. सर्वांना बंदी असताना लसवंताला वाट मोकळी करून देणे ही सवलत होय. सर्वांना वाट मोकळी झाल्यावर लस नसलेल्याला अडवणे ही बंदी होय. दोन्ही वेळी कागदावरचे वाक्य एकच असू शकते. पहिली गोष्ट दुसरीत केव्हा रूपांतरित झाली, हे ना शासनाने जाहीर केले, ना कोणी विचारले.

कल्याणला हा भेद नवा नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग शिरला. पुढील वर्षी साथरोग कायदा झाला आणि मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांतील उतारूंची वैद्यकीय तपासणी ज्या ठिकाणी होई त्यांत कल्याण जंक्शन प्रमुख होते. घाटाकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग येथूनच फुटत असल्याने इलाख्याचा आतला भाग वाचवायचा तर नाकेबंदी येथेच करणे क्रमप्राप्त होते. संशयितांना उतरवून ठेवले जाई, स्त्रियांच्या तपासणीवरून वाद होत. पुण्यात या साऱ्याचे पर्यवसान कशात झाले ते सर्वश्रुत आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ही लस घेतलेल्यांना प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले आणि ते जवळ असणाऱ्यांना अलग ठेवण्याच्या जाचक नियमांतून काही प्रमाणात सूट मिळू लागली. परकीय सरकार होते, लशीविषयी लोकांच्या मनात भय होते, तरीही प्रमाणपत्राचे स्वरूप सवलतीचे होते. मुंबई शहरात देवीच्या लशीची सक्ती १८७७ च्या कायद्याने आधीच झालेली होती. पण ती अर्भकांना लस टोचण्याची सक्ती होती, आणि तिच्यासाठी विधिमंडळात कायदा संमत करावा लागला होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वतंत्र भारतात पोलिओचे उच्चाटन झाले ते यापेक्षाही वेगळ्या रीतीने. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यासाठी कोणाचा पास अडवला गेला नाही. स्वयंसेवक खेडोपाडी, झोपडपट्ट्यांत, दारोदार गेले. आणि रेल्वे स्थानकांवरही बसले. फलाटावर उतरलेल्या आईच्या कडेवरील मुलाला तेथेच दोन थेंब पाजले जात आणि बोटावर खूण केली जाई. त्या मोहिमेत स्थानक हे लस देण्याचे ठिकाण होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रामुख्याने लस तपासण्याचे ठिकाण झाले. महापालिकेचा जो कर्मचारी शिक्का घेऊन बसला होता, त्याच्या शेजारी सुई घेऊन बसलेली परिचारिका हवी होती. पण तिच्या हाती द्यायला लस कोठे होती? म्हणजे फिरून प्रश्न पुरवठ्यापाशीच येतो.

शरद ऋतूत पुरवठा सुधारला. २१ ऑक्टोबरला देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला, दुसऱ्या दिवशी राज्यातील नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडली. ज्याला लस हवी त्याला ती मिळू लागली, आणि त्याबरोबर न मिळालेल्यांचा समूह आकसत जाऊन न घेणाऱ्यांचा तेवढा उरला. ऑगस्टमधील नियमाला जो आक्षेप होता तो डिसेंबरमधील नियमाला त्याच तीव्रतेने घेता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु नेमक्या याच वेळी नियम सैल होण्याऐवजी अधिक विस्तृत झाला. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकाने, मॉल, समारंभ, सार्वजनिक वाहतूक या सर्व ठिकाणी संपूर्ण लसीकरण ही प्रवेशाची अट ठरली. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, आपल्या ग्राहकांकडून नियम पाळून न घेणाऱ्या आस्थापनेला १० हजार, आणि आस्थापनेनेच नियम मोडल्यास ५० हजार. अठरा वर्षांखालील मुलांना आणि वैद्यकीय कारणाने लस घेऊ न शकणाऱ्यांना दाखला दाखवून सूट होती. मॉलच्या बाबतीत ऑगस्टमध्ये ही मुलेच विसरली गेली होती. पालकांना प्रवेश आणि मुलाला मज्जाव, असा चमत्कार घडल्यावर आदेश दुरुस्त करावा लागला. घाईत लिहिलेल्या आदेशांचे असे व्हायचेच.

सार्वजनिक वाहतुकीला ही अट लागू झाली तेव्हा एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. ज्या बसमध्ये लस नसलेल्याने चढू नये असे आदेश सांगत होता, त्यांतील बहुसंख्य आगारातच उभ्या होत्या. ठाणे महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी नोव्हेंबरच्या प्रारंभी आणखी कडक पवित्रा घेतला: लशीची मात्रा न घेणाऱ्यांना वेतन मिळणार नाही. रुग्णांशी आणि नागरिकांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याकडून अधिक जबाबदारीची अपेक्षा करणे गैर नाही. तरी काम करवून घ्यायचे आणि दाम रोखायचे, हा लसीकरणाचा मार्ग म्हणून न पटणारा आहे. त्याच महिन्यात केंद्राची 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली होती. एक शासन दारावर थाप मारत होते, दुसरे दार लावून घेत होते. आणि दोघांचा हेतू एकच होता.

यथावकाश विषाणूनेही आपले मत नोंदवले. राज्यातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी कल्याण-डोंबिवलीच्याच हद्दीत निश्चित झाला आणि जानेवारीपर्यंत हा नवा प्रकार घरोघरी पोहोचला. दोन्ही मात्रा घेतलेल्या असंख्य लोकांना त्याची लागण झाली. लशीने त्यांना रुग्णालयापासून आणि मृत्यूपासून वाचवले, हे तिचे यश. पण डब्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागण होऊ नये म्हणून लसवंतांनाच डब्यात घ्यायचे, हा जो नियमाचा आधार होता, तो या लाटेने ढासळला. नियम मात्र जागेवरच राहिला.

प्रमाणपत्र आणि शरीरातील लस या दोन वस्तू एकच असतात, हे गृहीतही तितकेसे निर्धोक नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात कांदिवलीच्या एका गृहसंकुलात भरलेल्या शिबिरात सुमारे ३९० रहिवाशांना बनावट लस टोचली गेल्याचे उघडकीस आले. ठाण्यातही तसाच गुन्हा नोंदला गेला. या लोकांनी पैसे मोजले होते, दंडात सुई घेतली होती. जेथे कागदावर पोटापाण्याचा प्रवास अवलंबून ठेवला जातो, तेथे कागदाचा बाजारही मांडला जातोच.

इतर देशांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. फ्रान्सने ९ ऑगस्ट २०२१ पासून, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवसापासून, उपाहारगृहांना आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना आरोग्य पासाची अट लावली. त्या नियमाविरुद्ध तेथे दर शनिवारी मोर्चे निघत होते. पण त्या कडक म्हणून गाजलेल्या नियमातून पॅरिसची मेट्रो आणि उपनगरी गाड्या वगळलेल्या होत्या. कामावर जाणारा माणूस अडवायचा नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले. दुसरे असे की, तेथील पास लशीवाचूनही मिळू शके. ७२ तासांतील चाचणीचा नकारार्थी अहवाल किंवा आजारातून बरे झाल्याचा दाखला त्यासाठी पुरत असे. शिवाय हा नियम संसदेने संमत केलेल्या कायद्याने आला आणि अंमलात येण्यापूर्वी तेथील घटना परिषदेने तपासला.

महाराष्ट्रात चाचणीचा पर्याय माहीत नव्हता असे थोडेच आहे! परराज्यातून येणाऱ्या प्रवाशाने दोन मात्रा घेतल्या नसतील तर ७२ तासांतील चाचणीचा अहवाल चालत असे. बडोद्याहून येणाऱ्या माणसाला लशीवाचून महाराष्ट्रात पाऊल ठेवता येई, आणि डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्याला तोच अहवाल उपयोगी पडत नसे. ज्यांना आजार होऊन गेला होता त्यांच्याविषयी तर विचारच झाला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या पाहणीत सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती.

सक्तीचे समर्थन करताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९०५ च्या जेकबसन खटल्याचा दाखला देण्यात येतो. देवीची लस नाकारणाऱ्या केंब्रिज गावच्या एका रहिवाशाविरुद्ध न्यायालयाने राज्याचा अधिकार उचलून धरला. हे खरे, परंतु त्या माणसाला शिक्षा झाली होती ती पाच डॉलर दंडाची. त्याचे चालणे-फिरणे किंवा कामावर जाणे बंद केले गेले नव्हते, आणि त्याला लस नगरपालिका विनामूल्य द्यायला तयार होती.

अखेर प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. लस न घेतलेल्यांना लोकलमध्ये मज्जाव करणाऱ्या आदेशांना आव्हान देणाऱ्या जनहित याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने जो दोष दाखवला तो वैद्यकीय नव्हता. तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी जुलै व ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेले आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांतील कार्यपद्धतीला धरून नव्हते. निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यावयाचा. समितीशी विचारविनिमय झाल्याची नोंद मात्र समोर येऊ शकली नाही. लक्षावधी माणसांचा प्रवासाचा हक्क काढून घेणारा निर्णय एका सहीवर झालेला होता. आदेश मागे घेण्याची तयारी शासनाने दाखवली आणि १ मार्चला जे नवे आदेश काढले त्यांत सार्वजनिक वाहतुकीसाठी संपूर्ण लसीकरणाची अट पुन्हा घातली. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, सर्वच निर्बंध उठले. डोंबिवलीत दोन वर्षांच्या खंडानंतर नववर्ष स्वागतयात्रा निघाली, फडके रोड फुलून गेला, आणि वाद अनिर्णित राहिला.

एका महिन्याने, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव व भूषण गवई यांनी जेकब पुलियल खटल्यात निकाल दिला. कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, कारण शरीराची अखंडता हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचा भाग आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी मर्यादा घालू शकेल, पण त्या प्रमाणशीर असल्या पाहिजेत. आणि लस न घेतलेल्यांपासून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग पसरतो असे दाखवणारी माहिती राज्यांनी न्यायालयापुढे ठेवलेली नसल्याने त्या वेळचे निर्बंध प्रमाणशीर म्हणता येत नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने केंद्राचे लसीकरणाचे धोरण मनमानी नसल्याचेही म्हटले. लसविरोधकांनी या निकालाचा विजय साजरा केला तो अर्ध्याच भागाचा.

डोंबिवलीच्या कारकुनाचा प्रश्न मात्र या निकालात नाही. तेथे विचार झाला तो लस नाकारण्याच्या हक्काचा. ज्याला लस हवी होती आणि जो तिच्या प्रतीक्षेत होता त्याच्या हक्काचा नव्हे. नाकारणाऱ्यांच्या बाजूने याचिका झाल्या, वकील उभे राहिले, निकालपत्रे लिहिली गेली. प्रतीक्षा करणाऱ्याने कोणाविरुद्ध दाद मागावी? तो शासनाशी सहमत होता. त्याने सहा आठवडे रजा घेतली, बिनपगारी काढले किंवा पहाटे निघून तीन वाहने बदलत कामाला गेला. २८ सप्टेंबर उजाडल्यावर त्याने निमूटपणे पास काढला.

साथरोग कायदा १८९७ चाच आहे. २०२० साली त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी दुरुस्ती झाली, एवढेच. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील उणिवा दाखवून त्याच्या फेररचनेची शिफारस केली आहे. नवा कायदा जेव्हा केव्हा होईल, तेव्हा प्रवेशाची अट घालण्याचा अधिकार शासनाला राहील हे उघड आहे, आणि तो राहावाही. मात्र ज्या तारखेला अट लागू करायची, त्या तारखेपूर्वी ती पुरी करणे प्रत्येक पात्र व्यक्तीला शक्य होते काय, याचे लेखी उत्तर आदेशाबरोबर देण्याचे बंधन त्या कायद्यात घालता येईल. लस न मिळालेल्यासाठी चाचणीचा पर्याय ठेवता येईल. आणि उपनगरी गाडीला नाट्यगृहाच्या व मॉलच्या यादीतून काढून पाणी, वीज, रुग्णालय यांच्या यादीत बसवता येईल. २०२० मध्ये अत्यावश्यक सेवा कोणत्या आणि त्यांतील कर्मचारी कोण, याच्या लांबलचक याद्या झाल्या होत्या. त्या कर्मचाऱ्यांना ज्या गाडीने कामावर जावे लागे, ती गाडी स्वतः त्या यादीत कोठे बसते, हे ठाण्यापलीकडच्या प्रवाशांना अजून कोणी सांगितलेले नाही.